मृत्युपत्रातून संस्थेला देणगी: ठरावीक रक्कम लिहावी की टक्का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझी आत्या मृत्युपत्र करते आहे. भाचरांना वाटा द्यायचाच आहे, पण काही भाग अंध मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला जावा ही तिची फार जुनी इच्छा.

आम्ही अडलोय रकमेपाशी. ठरावीक आकडा लिहिला, तर महागाईत पुढे त्याची किंमत काय राहणार? उलट आजारपणात पुंजी आटली, तर तो आकडा पुरा करताना भाचरांच्या हाती काहीच उरायचं नाही. म्हणून देणी आणि खर्च भागवून जे उरेल त्याचा टक्का लिहावा, असं माझं ठाम मत. आत्याला मात्र आकडाच हवा.

संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घालणारच, सारख्या नावाच्या संस्था असतात. पण ती बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तर? 'तसंच काम करणारी संस्था मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने (म्हणजे ते अमलात आणणाऱ्याने) निवडावी' एवढं वाक्य पुरतं का?

शिवाय आत्याला पैसे फक्त ब्रेल पुस्तकांसाठी बांधून द्यायचेत. उद्या गरजच बदलली तर ते अडकून पडतील, ही मला खरी काळजी. 'शक्यतो पुस्तकांसाठी' अशी नुसती इच्छा नोंदवावी का?

वकिलांकडे जाणारच आहोत. त्याआधी कुणी असं मृत्युपत्र अमलात आणलं असेल, किंवा संस्थेच्या बाजूने अशी देणगी स्वीकारली असेल, तर अडचणी कुठे आल्या ते कृपया सांगा. आणि संस्थेला आधीच कळवावं का?