माल्टा, दोन दिवस : व्हॅलेटा-मदीनासाठी गाईडेड टूर घ्यावी का?

सुमेधा_प

माल्ट्यात शनिवार-रविवार असे दोन पूर्ण दिवस मिळताहेत, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मुक्काम स्लिमाला. आम्ही चौघं, त्यात सासूबाई सत्तरीच्या. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण उतरणीला आणि पायऱ्यांना गुडघा कुरकुरतो.

रविवारची एक दिवसभराची बसटूर दिसतेय : व्हॅलेटा, मदीना (माल्टाची जुनी, तटबंदीतली राजधानी) आणि 'थ्री सिटीज' (बंदरापलीकडची बिर्गू, सेंगलिया आणि बॉर्म्ला ही गावं), हॉटेलवरून नेणार, सकाळी ९ ते दुपारी ४.३०. घ्यावी का? की गाईड फक्त व्हॅलेटापुरता घ्यावा? सेंट जॉन्स कथीड्रलमधलं इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं चित्र आणि जमलं तर हायपोजियम (जमिनीखालची प्रागैतिहासिक दफनभूमी), हे दोन्ही यादीत वर आहेत.

बुरूजावरून

सुमेधाताई, ती टूर घेऊ नका. पहिलं कारण म्हणजे वार. सेंट जॉन्स को-कथीड्रल रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला पर्यटकांसाठी बंद असतं. रविवारच्या टूरमध्ये ते 'दिसेल', पण बाहेरून. आणि बाहेरून ते एखाद्या कोठारासारखं साधं आहे, जे काय आहे ते सगळं आत.

दुसरं कारण वेळेचं. ९ ते ४.३० म्हणजे साडेसात तास. त्यातले चार-पाच हॉटेलांवरून माणसं गोळा करणं आणि परत सोडणं यात दीड तास जातो. जेवण एक तास. तीन गावांमधला बसप्रवास साधारण तासभर. मदीनाच्या वाटेवर ता आलीच्या हस्तकला केंद्रात काच फुंकताना दाखवतात आणि दुकानातून बाहेर काढतात, तो पाऊण तास धरा. उरले सव्वातीन तास, तीन ऐतिहासिक गावांना मिळून. शिवाय बस ना व्हॅलेटाच्या गल्ल्यांत शिरते ना मदीनात, दोन्हीकडे वेशीबाहेरच उतरायचं.

माझं मत विचाराल तर माल्ट्यात गाईड रस्त्यासाठी घ्यावा, इमारतीसाठी नाही. कथीड्रलच्या तिकिटात ऑडिओ गाईड येतोच आणि तो चांगला आहे. उलट व्हॅलेटाच्या रस्त्यावर आणि बिर्गूच्या गल्ल्यांत पाट्या फारशा नाहीत. शहर असं आखलेलं का आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही.

एक उदाहरण. १५६५ साली १८ मे ते ८ सप्टेंबर ऑटोमन सैन्याने वेढा घातला. तेव्हा व्हॅलेटा नव्हतंच, नुसता शिबेरासचा उघडा डोंगर आणि टोकाला सेंट एल्मोचा किल्ला. तो २३ जूनला पडला. वेढा उठल्यावर लगेच, २८ मार्च १५६६ रोजी, बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या संघाचा प्रमुख, ग्रँड मास्टर ला व्हॅलेत याने नव्या शहराची पायाभरणी केली. लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने आराखडा आखला, पुढचं काम जेरोलामो कासारने पाहिलं. डोंगरमाथा छाटून सपाट करायचा आणि त्यावर चौकटीसारखे सरळ रस्ते, असा बेत होता. पण शत्रू परत येईल या धास्तीने सपाटीकरण अर्ध्यावर सुटलं. रस्ते मात्र कागदावर होते तसेच सरळ टाकले. त्यामुळे मधली धार सपाट आणि दोन्ही अंगांना रस्ते एकदम खाली कोसळतात, काही तर चक्क पायऱ्याच होतात. सासूबाईंच्या गुडघ्याचं दुखणं साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या घाईत आहे म्हणा ना!

तेव्हा असं करा :

शनिवार. कथीड्रल उघडताच आत. क्रूझचे गट साधारण १० नंतर धडकतात. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा आणि त्याच संकेतस्थळावर शनिवारची वेळ बघून घ्या. आत किमान दीड तास. जमिनीवर सुमारे ४०० संगमरवरी थडगी आहेत, सांगाडे आणि कुलचिन्हं रंगीत दगडात जडवलेली. म्हणूनच टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. खांदे झाकलेले हवेत. काराव्हाज्जोचं चित्र बाजूच्या ऑरेटरीत (प्रार्थना-दालनात) आहे, 'सेंट जॉनचा शिरच्छेद', १६०८, रुंदी पाच मीटरच्या वर. आधी मागच्या भिंतीशी उभं राहून बघा : अर्ध्याहून जास्त चित्र रिकामी काळपट भिंतच आहे, माणसं सगळी डावीकडे खाली. मग पुढे जाऊन मानेतून सांडलेलं रक्त बघा, त्या रक्तातूनच सहीची अक्षरं ओढली आहेत. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र. त्याच वर्षी १ डिसेंबरला, तो बेटावरून पळून गेल्यावर, सरदारांनी त्याला संघातून काढून टाकलं ते याच दालनात, याच चित्रासमोर.

त्यानंतर १०.४५-११ च्या सुमाराची, दीड-दोन तासांची पायी टूर घ्या. ती अप्पर बाराक्का बागेवरून जाते ना, हे आधी विचारा. तिथून ग्रँड हार्बरपलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला, बिर्गू आणि सेंगलिया एका नजरेत येतात. वेढ्याची गोष्ट ऐकायला याहून चांगली जागा नाही. खालच्या सलामी तोफखान्यातून रोज दुपारी १२ आणि ४ वाजता तोफ डागतात. कठड्याची जागा पंधरा-वीस मिनिटं आधीच भरते, म्हणून गाईडला १२ चा मुहूर्त गाठायला सांगा.

हायपोजियमचं मात्र अवघड आहे. तासाला फक्त १० माणसं सोडतात. माणसांच्या श्वासाने आतली हवा आणि ओल बदलते आणि छतावरचा तांबड्या गेरूचा रंग धोक्यात येतो. तिकिटं महिनोन्महिने आधी जातात. ६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटोही नाहीत. तिकीट मिळालं नाही तर रिपब्लिक स्ट्रीटवरच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. हायपोजियममध्ये सापडलेली 'झोपलेली स्त्री' तिथे आहे. फक्त मोठा पुतळा शोधत फिरू नका. मूर्ती जेमतेम १२ सेंटीमीटरची, भाजल्या मातीची, अंधाऱ्या खोलीत एकटीच ठेवली आहे. घाईत असलेली माणसं त्या दारावरूनच पुढे निघून जातात.

दगडी_जिना

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण गुडघ्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण दिवस तिथेच बिघडतो.

स्लिमाहून व्हॅलेटाला फेरी जाते आणि सगळे तीच सुचवतात. सासूबाईंना घेऊन ती नको. फेरी मार्सामशेट बंदराच्या बाजूला उतरवते आणि तिथून रिपब्लिक स्ट्रीटपर्यंत सरळ खडा चढ आहे. बसने जा. बस ट्रायटन कारंज्यापाशी सोडते, तिथून पुलावरून सिटी गेटमधून आत, एकही पायरी नाही.

गावात रिपब्लिक स्ट्रीट आणि तिला समांतर मर्चंट्स स्ट्रीट हे दोन सोयीचे. सेंट उर्सुला स्ट्रीट ही पायऱ्यांची गल्ली, फोटोत फार छान येते आणि म्हणूनच गाईड हमखास तिकडे वळतात. टूर ठरवतानाच 'पायऱ्या टाळून' असं लिहून पाठवा. पायऱ्या बुटक्या आणि रुंद आहेत, एका पावलात पुरी होत नाही आणि दोन पावलं टाकली तर उरते. त्यामुळे दरवेळी तोच पाय पुढे येतो आणि तोच गुडघा भार घेतो. शिवाय रस्त्याच्या फरश्या पावलांनी गुळगुळीत झाल्यात. ऑक्टोबरात एखादी सर आली की साबणावरून चालल्यासारखं होतं. रबरी तळव्याचे बूट, आणि काठी असेल तर टोकाचं रबर नवं बसवून घ्या.

रविवार थ्री सिटीजला द्या. अप्पर बाराक्कामधून ५८ मीटरची लिफ्ट थेट बंदराच्या पातळीवर उतरते, रस्ता ओलांडून फेरीचा धक्का. फेरी बॉर्म्लाला लागते. तिथून बिर्गूपर्यंत पाण्याकाठाने सपाट वाट. 'दायसा' म्हणजे रंगीत लाकडी होडी, ती गंमतीची आहे पण धक्क्यावरून खाली पाय टाकून हलत्या होडीत उतरावं लागतं, धरायला नावाड्याचा हात तेवढा. सासूबाई फेरीने आणि बाकीचे दायसाने, असंही करता येईल. समुद्र खवळला की दोन्ही बंद, तेव्हा त्या सकाळी वाऱ्याचा अंदाज बघा.

बिर्गूत गाईड जरूर घ्या. व्हॅलेटा बांधण्याआधी सरदारांचा तळ इथेच होता आणि त्यांची पहिली निवासस्थानं याच बोळांत आहेत. बाहेरून ती साध्या घरांत मिसळून गेली आहेत, दाखवल्याशिवाय कळत नाहीत. इन्क्विझिटरचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायाधीशाचा, राजवाडा मात्र स्वतःच बघता येतो, पाट्या नीट आहेत.

मदीनाबाबत माझं वेगळं मत आहे. तिथे गाईड नकोच. व्हॅलेटाहून ५१, ५२ किंवा ५३ नंबरची बस, साधारण अर्धा तास, थांबा वेशीबाहेरच्या राबात गावाचा. मुख्य वेस १७२४ ची, मोंदियोंने बांधलेली. गाव इतकं लहान की आडव्यातिडव्या गल्ल्यांत हरवलात तरी दहा मिनिटांत तटापाशी निघता. आत बहुतेक सपाट. अडचण वेळेचीच : दुपारी ३ पर्यंत गेलात तर तिथलं कथीड्रल उघडं पण गल्ल्यांत गर्दी. ५ नंतर गेलात तर गल्ल्या शांत पण कथीड्रल बंद. मी शांतता निवडेन. कथीड्रल हवंच असेल तर त्याचं तिकीट समोरच्या संग्रहालयात मिळतं, चर्चच्या दारात नाही. दारापर्यंत जाऊन परत फिरणाऱ्यांची तिथे कायम वर्दळ असते. दर्शनी भागावर दोन घड्याळं आहेत : एक वेळ सांगतं, दुसरं तारीख. 'एक बंद पडलंय' असं समजू नका.

सुमेधा_प

दोघांचेही खूप आभार. रविवारची टूर रद्द. शनिवारी संध्याकाळी मदीना घालते. आता दोन शंका. 'फ्री वॉकिंग टूर' आणि पैसे भरून घेतलेली टूर, यात खरा फरक काय? आणि सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं, गाईडचं बोलणं कळेल का?

नकाशावाला

दोन्ही शंकांचं उत्तर गटाच्या आकारात आहे.

फ्री टूर फुकट नसते, शेवटी बक्षिसी द्यायची असते. गाईडची कमाई डोक्यांवर, त्यामुळे पंचवीस-तीस जण गोळा होतात. एवढा घोळका अरुंद फुटपाथवर मावत नाही. मागचे पोहोचेपर्यंत पुढच्यांना सांगून झालेलं असतं. आत कुठेही नेत नाहीत आणि वाट तुमच्यासाठी बदलत नाहीत. धडधाकट दोघांना ठीक. तुम्ही चौघं आहात, पायऱ्या टाळायच्या आहेत, १२ ची तोफ गाठायची आहे, तर दोन तासांसाठी खासगी गाईड घ्या. दर माणशी नसतो, गटाचा असतो, तो चौघांत वाटला जातो. माल्ट्यात गाईडला पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि ओळखपत्र दिसेल असं लावायचं असतं. ते नसेल तर पुढे जाऊ नका.

ठरवण्याआधी लेखी विचारा : प्रवेशतिकिटं धरली आहेत का, 'पॅनोरॅमिक' म्हणजे नुसतं बाहेरून का, मधे दुकानात थांबणार का, आणि एकाच भाषेत सांगणार ना. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. दोन भाषांतली टूर म्हणजे दोन तासांत एक तासाचाच मजकूर, उरलेला वेळ उन्हात उभं राहायचं.

मोठ्या गटात रेडिओसेट देतात : गळ्यात रिसीव्हर, कानात एक बोंडूक. बहुतेक वेळा ते एकाच कानाचं असतं आणि आकडा उजव्या कानासाठी वाकवलेला. सासूबाईंचा चांगला कान डावा असेल तर आकडा उलटा फिरवून लावायचा, फिरत नसेल तर दुसरा मागून घ्यायचा. स्वतःचा साधा ३.५ मिलिमीटर पिनचा हेडफोन बहुधा त्यात बसतो, तो जवळ ठेवा, दोन्ही कानांना आवाज मिळेल. ब्लूटूथवाला चालणार नाही. खरखर आली तर दोनच कारणं असतात : बॅटरी उतरलीय किंवा गाईड कोपऱ्यावरून वळलाय. व्हॅलेटाच्या जाड दगडी भिंतींआड सिग्नल लगेच तुटतो, म्हणून फोटो काढायचा तो वळणाच्या अलीकडे. भलत्याच भाषेत बोलणं ऐकू आलं तर जवळच्या गटाचा चॅनेल लागलाय, गाईडला चॅनेलचा नंबर विचारून बदला.

चौघांच्या खासगी टूरमध्ये हा प्रश्नच येत नाही. सासूबाईंचा चांगला कान गाईडकडे ठेवा आणि कारंजी, बांधकामं यांच्यापासून दूर थांबायला सांगा. आणखी एक : दुपारच्या तोफेच्या वेळी सासूबाई श्रवणयंत्र लावत असतील तर तेवढ्यापुरतं बंद करा. आवाज दगडावरून परत येतो.

दगडी_जिना

एक राहिलं. रविवारी परत येताना लिफ्टची शेवटची वेळ खालच्या फाटकावर बघून ठेवा. ती चुकली तर बंदरापासून वर गावात येणारी वाट म्हणजे निव्वळ चढ आणि पायऱ्या. तशी वेळ आलीच तर धक्क्यावरून सरळ टॅक्सी बोलवा आणि स्लिमालाच जा, वर चढायचं कारणच नाही.