पॅट बूनला माफ करायचं का?

पंचेचाळीस_आरपीएम

आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपवर एकाने ‘रॉक अँड रोलची पहाट’ अशी यादी टाकली. त्यात पॅट बून आहे, जॉर्जिया गिब्ज आहे, क्रू कट्स आहेत, सगळे गोरे गायक. काळ्या लाव्हर्न बेकरचं नावही नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, “हिट कोणाचं झालं ते बघायचं.” म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५४-५५ च्या अमेरिकेत एखाद्या छोट्या कंपनीची, काळ्या गायकाची रेकॉर्ड चालायला लागली की काही आठवड्यांत मोठी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायची. मोठी रेडिओ स्टेशनं नवीन रेकॉर्ड वाजवायची आणि मूळ रेकॉर्ड मागे पडायची. बेकरचं ‘ट्विडली डी’ घ्या. ती अटलांटिककडे गायली. मर्क्युरीने गिब्जकडून तेच करून घेतलं. आणि ‘तेच’ म्हणजे नुसते शब्द-चाल नव्हे. तीच वाद्यरचना, मागचा कोरस तिथेच, थांबे तिथेच. गिब्जची रेकॉर्ड वर दोन नंबरपर्यंत गेली, बेकरची पॉपच्या यादीत पहिल्या दहातही आली नाही.

बेकर गप्प बसली नाही. डेट्रॉइटचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना तिने पत्र लिहिलं की माझ्या गाण्याची हुबेहूब नक्कल होते, कायदा बदला. काही झालं नाही. तिचा एक किस्सा सांगतात. विमानप्रवासाला निघताना तिने विमा उतरवला आणि वारस म्हणून नाव घातलं गिब्जचं. मला काही झालं तर बिचारीचा धंदा बसेल म्हणून!

माझं मत सरळ आहे. ही चोरी होती. चर्चा करा.

कडू_कारलं

असहमत. ‘चोरी’ म्हटलं की टाळ्या मिळतात, पण त्या काळचा धंदा कसा चालायचा ते बघा. तेव्हा रेकॉर्डपेक्षा गाणं मोठं होतं. प्रकाशकाची इच्छाच असायची की एकच गाणं चारपाच जणांनी गावं, म्हणजे छापील नोटेशनही खपतं. ‘टेनेसी वॉल्ट्झ’ पॅटी पेजचं म्हणून जग ओळखतं, ते मुळात पी वी किंगचं. हँक विल्यम्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ १९५१ मध्ये टोनी बेनेटने गायलं. दोन्हीकडे गोरेच. तिथे कोणी चोर म्हणत नाही.

बरं, क्रू कट्सनी ‘श-बूम’ उचललं म्हणून सगळे गळा काढतात. मूळ गाणारे कॉर्ड्स, ब्राँक्सची काळी मुलं. त्यांच्या त्या रेकॉर्डची पहिली बाजू कोणती होती ठाऊक आहे? ‘क्रॉस ओव्हर द ब्रिज’. पॅटी पेजच्या ताज्या हिटची नक्कल! ‘श-बूम’ मागच्या बाजूला होतं. म्हणजे बाजारात सगळेच एकमेकांचं गात होते.

आणि पैसा. १९०९ च्या कायद्याने प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट गाण्याच्या हक्कदाराला द्यावे लागायचे. ‘एन्ट दॅट अ शेम’ बूनने पहिल्या नंबरला नेलं, तेव्हा ते लिहिणाऱ्या काळ्या फॅट्स डॉमिनो आणि डेव्ह बार्थोलोम्यूचाही हिशेब वाढलाच ना? ज्या घरात डॉमिनोची रेकॉर्ड आली नसती तिथे बूनमुळे गाणं पोचलं. दार उघडलं म्हणा.

भोचक_भवानी

दार उघडलं! कारलेबुवा, घरमालकाला बाहेर उभं करून दार उघडण्यात कसलं कौतुक?

‘टुटी फ्रुटी’ मन लावून ऐका. सप्टेंबर १९५५, न्यू ऑर्लिन्स, कोझिमो मटासाचा स्टुडिओ. मूळ शब्द क्लबात रात्री गायचे होते, म्हणजे चारचौघांत न म्हणण्यासारखे. डोरोथी लाबॉस्ट्री नावाच्या गीतकार मुलीला बोलावून ते साफ करून घेतले. मग मूळ गायक, काळा लिटल रिचर्ड गातो. पहिली आरोळी, मागे एकही वाद्य नाही, आणि त्यानंतर अर्ल पामरचे ड्रम अंगावर येतात. त्या निरर्थक अक्षरांत सगळं गाणं आहे. आता बूनचं लावा. तीच अक्षरं तो अशी म्हणतो जणू वर्गात उभं राहून फळ्यावरचं वाचून दाखवतोय. या गृहस्थाला ‘एन्ट दॅट अ शेम’मधलं व्याकरण खटकलं होतं, कारण तो इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी होता. हे त्याने स्वतः सांगितलंय. पांढरे बूट घालून काळ्यांचं ब्लूज!

आणि तरी ‘टुटी फ्रुटी’त बूनच वर गेला. पुढच्या वर्षी ‘लाँग टॉल सॅली’ आलं. रिचर्ड सांगायचा की बूनच्या तोंडाला शब्द पकडता येऊ नयेत इतकं जलद मी ते मुद्दाम गायलो. बूनने तेही गायलंच, पण या वेळी रिचर्डची रेकॉर्ड त्याच्या वर राहिली. पोरांनी स्वतःहून मूळ रेकॉर्ड मागायला सुरुवात केली होती. तेव्हा दार उघडलं असेल तर ते त्या पोरांनी. बूनला श्रेय कशाचं?

रात्रपाळी

दोन्ही पक्ष गायकांवर घसरलेत. गायक निमित्त आहे हो. पैसा कुठे अडकला ते बघा.

कारलेबुवांचे दोन सेंट कायद्यात बरोबर आहेत, पण ते गाण्याच्या मालकाला. गाणाऱ्याला त्यातलं काही नाही. बेकरने ‘ट्विडली डी’ लिहिलं नव्हतं, त्यामुळे गिब्जच्या लाखो प्रतींमधून तिच्या हाती शून्य. आणि लिहिणाऱ्यालाही मिळायचे तेव्हाच, जेव्हा हक्क त्याच्याकडे उरलेले असत. काळ्या ब्लूज गायक आर्थर क्रुडपने ‘दॅट्स ऑल राइट’ लिहिलं. एल्विसची सन कंपनीची पहिली रेकॉर्ड तीच, जुलै १९५४. क्रुडपचे हक्क मॅनेजर लेस्टर मेलरोझकडे. म्हातारपणी साठ हजार डॉलरची तडजोड ठरली, सह्या करायला क्रुडप न्यूयॉर्कला गेला आणि प्रकाशकाने ऐनवेळी सही नाकारली. १९७४ मध्ये तो वारला.

आता ‘मेबलीन’. काळ्या चक बेरीचं, १९५५ चं, चेस कंपनीचं. रेकॉर्ड छापून आली तर गीतकार म्हणून आणखी दोन नावं! एक ॲलन फ्रीड, रेडिओवर रेकॉर्डी वाजवणारा. दुसरा रस फ्राटो, कंपनीच्या ओळखीतला माणूस. बेरीला त्याचं गाणं पूर्ण परत मिळायला १९८६ उजाडलं. इथे कुठे नक्कल करणारा गोरा गायक आहे?

आणि मालक काळा असला तर न्याय व्हायचा, असंही नाही. ह्यूस्टनच्या पीकॉक कंपनीचा डॉन रोबी काळाच. खोटं नाव घेऊन दुसऱ्यांच्या गाण्यांवर गीतकार म्हणून बसायचा. ‘हाउंड डॉग’ त्याच्याच कंपनीचं. ते गाणाऱ्या बिग ममा थॉर्नटनच्या सांगण्याप्रमाणे तिला त्यातून पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला. गाणं लिहिणाऱ्या लीबर आणि स्टोलर या पोरांना मिळालेला चेक तर वटलाच नाही.

पंचेचाळीस_आरपीएम

@रात्रपाळी, मुद्दा मान्य, पण त्याने गिब्ज आणि मर्क्युरी सुटत नाहीत. उलट कायदा कोणाच्या सोयीचा होता ते दिसतं. पॉला वॉटसनचं ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’ डेकाने एव्हलिन नाइटकडून तसंच्या तसं गाऊन घेतलं म्हणून मूळ कंपनी कोर्टात गेली. १९५० मध्ये निकाल लागला, कंपनी हरली. गाणं सजवण्याच्या पद्धतीवर मालकी नाही. आणि ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं १९७२ मध्ये. म्हणजे ज्या गोष्टीत हे गायक खरे बाप होते, आवाज, लय, कुठे थांबायचं, तेवढीच कायद्याने फुकट ठेवली होती. कागदावर लिहिता येईल ते मालकीचं, गळ्यातलं सगळ्यांचं.

@कारलं, टोनी बेनेटने हँक विल्यम्सचं गाणं व्हायोलिन लावून आपल्या ढंगात गायलं. दोन्ही रेकॉर्डी वेगळ्या लोकांनी घेतल्या. गिब्ज बेकरच्याच गिऱ्हाइकाला बेकरचाच माल विकत होती.

कडू_कारलं

मग एल्विसचं काय करायचं? तोही चोर? ‘हाउंड डॉग’ थॉर्नटनचं म्हणून त्याला शिव्या घालायची फॅशन आहे. थॉर्नटनचं संथ आहे, गुरगुरणारं. ऐतखाऊ पुरुषाला बाई घराबाहेर काढतेय. एल्विसने ते उचललं लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल आणि त्याच्या बेलबॉइजकडून, त्यांनी शब्द बदलून त्याचं कुत्र्यावरचं गमतीचं गाणं केलं होतं. एल्विसने त्याचा वेग, गिटार, टाळ्या सगळं तिसरंच केलं. आणि सनच्या त्या पहिल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बिल मन्रोचं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ आहे, पक्कं गोऱ्या गावाकडचं गाणं. त्याचीही त्याने तितकीच मोडतोड केली. बेरीचं ‘मेबलीन’ तरी कुठून आलं? ‘आयडा रेड’ या कंट्री गाण्यावरून. देवघेव दोन्हीकडून होती, एवढंच म्हणतोय.

भोचक_भवानी

एल्विसला बूनच्या शेजारी बसवू नका, इथे मी तुमच्या बाजूने. मेम्फिसच्या रेडिओवर त्याची पहिली रेकॉर्ड वाजली तेव्हा निवेदक डुई फिलिप्सने मुलाखतीत त्याला कोणती शाळा ते मुद्दाम विचारलं. शाळा काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या, शाळेवरून ऐकणाऱ्यांना कळावं हा पोरगा गोरा आहे. आवाजावरून कळत नव्हतं! बूनबाबत असा प्रश्न कोणाला पडला असता का?

पण ‘देवघेव’ नाही पटली. बेरीने ‘आयडा रेड’चं इतकं काही केलं की मूळ शोधावं लागतं. आणि त्याने ते गायल्यामुळे कुठल्या कंट्री गायकाची रेकॉर्ड दुकानातून उठली?

म्हापसेकर

आपल्याकडे तरी काय वेगळं? १९५० चं ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’, संगीत सी. रामचंद्र, चाल एडमंडो रॉसच्या लॅटिन गाण्यावरची. आणि त्या सगळ्या बँडबाजीत ट्रम्पेट फुंकणारे, नोटेशन लिहिणारे आमचे गोंयकार. चिक चॉकलेट तर ‘अलबेला’त पडद्यावर दिसतो. बाकीच्यांची नावं किती रेकॉर्डींवर आली?

भोचक_भवानी

म्हापसेकर, हा विषय फार मोठा आहे, वेगळा धागा काढाच. इथे तो वाया जाईल.

रात्रपाळी

+१. लिंक इथे टाका.

@कारलं, ‘देवघेव’चा हिशेब अजून बाकी आहे. एटा जेम्सचं ‘रोल विथ मी हेन्री’ गिब्जने ‘डान्स विथ मी हेन्री’ करून पहिल्या नंबरला नेलं. एटाचं गाणं हे हँक बॅलर्डच्या ‘वर्क विथ मी ॲनी’ला दिलेलं उत्तर, चालही तिथलीच. त्यामुळे बॅलर्डचं नाव गीतकारांत आलं, गिब्जच्या खपातून त्यालाही वाटा. एटालाही गीतकार म्हणून थोडाफार. बेकरला मात्र काही नाही, कारण तिने फक्त गायलं. चोर कोण ते तुम्ही दोघं ठरवा, पण हा फरक गिब्जने केलेला नाही.

कडू_कारलं

हेच तर पहिल्या प्रतिसादात सांगत होतो.

पंचेचाळीस_आरपीएम

नाही. तुम्ही म्हणत होतात सगळं ठीक होतं.

म्हापसेकर

फ्रेडी बेलचं ‘हाउंड डॉग’ कुठे मिळेल?

पंचेचाळीस_आरपीएम

१९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टीन नावाच्या छोट्या कंपनीने काढलं होतं, तेच शोधा. नंतर त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलंही आहे, ते एल्विसच्या नंतर बाजारात आलं, त्यावरून तुलना करू नका.