टाळ्या थांबवून समता येत नाही

गुणवंतांची नावं जाहीर केली की बाकीच्या मुलांना कमीपणा वाटतो, म्हणून शाळांनी ते थांबवावं, हे मत मला अजिबात पटत नाही. अन्याय होतो तो त्याच्या कितीतरी आधी.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत ‘गिफ्टेड’ म्हणजे विशेष हुशार मुलांच्या वर्गांसाठी नावं शिक्षक किंवा पालक सुचवायचे. ऐपत असलेले आईबाप तर पदरचे पैसे खर्चून खासगी बुद्ध्यांक चाचणी करून आणायचे. २००५ मध्ये दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची प्राथमिक चाचणी सुरू झाली आणि गरीब घरांतली, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक मुलं कितीतरी जास्त संख्येनं निवडली गेली. हुशार ती आधीही होतीच, त्यांचं नाव पुढे करणारं कुणी नव्हतं! पुढे मंदीत खर्चाला कात्री लागली, ही चाचणी बंद पडली आणि आकडे परत घसरले.