मदत हवी आहे : विटांच्या मातीत प्लेटिंगचा गाळ चालेल का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ आमची वीटभट्टी आहे. शिरोलीच्या फाउंड्रीतली वापरलेली वाळू आम्ही मातीत थोडी मिसळतो. त्या वाळूत कोळशाची भुकटी असते, त्यामुळे प्रमाण वाढलं की वीट फोडल्यावर मधोमध काळा गाभा दिसतो. तेवढं सांभाळता येतं.

आता एक प्लेटिंगवाले (धातूच्या वस्तूंवर क्रोमियमसारख्या धातूचा मुलामा चढवणारे) त्यांचा वाळलेला हिरवट गाळ फुकट देऊ करताहेत. माझी धास्ती त्या गाळातल्या क्रोमियमची आहे. मातीत चुनखडी असली आणि भट्टीत हवा खेळती असली, तर भाजताना त्याचं विषारी रूप, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम तयार होतं, आणि ते पाण्यात उतरतं. वीट खणखणीत वाजली, आयएस 1077 या विटांच्या भारतीय मानकाप्रमाणे वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत पाणी प्यायली, तरी पावसात तिच्यातून काय झिरपेल ते कळत नाही. या विटांच्या घरात माणसं राहणार आहेत हो!

हा गाळ 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागणारच. पण त्याआधी भाजलेल्या विटेची झिरप-चाचणी कोल्हापूर-पुण्याकडे कुठे करून मिळेल? नमुना किती द्यावा लागतो? कुणी असा गाळ प्रत्यक्ष वापरला असेल तर प्रमाण आणि चाचणीचे आकडे कृपया सांगा.