मदत हवी आहे: स्पार्कल क्वेरी रिकामी येतेय, वर्तनांतले संबंध मिळत नाहीत

पाऊसपाणी
वर्तनांची ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांचे संबंध यांची संगणकाला वाचता येणारी रचना) केली आहे: सिगारेट ओढणे, चहा घेणे, जागरण वगैरे. 'अनुकूल ठरते', 'आधी घडते', 'आड येते' असे संबंध जोडलेत. ती बनवायच्या प्रोटेजे सॉफ्टवेअरमध्ये सगळं दिसतं, स्पार्कल या प्रश्न-भाषेतल्या क्वेरीला मात्र शून्य ओळी. रीझनर (निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चालवून झाला. उद्या गाइडना दाखवायचंय, लवकर सांगा.

कऱ्हाकाठ
वर्तनं क्लास (प्रकार) आहेत की इंडिव्हिज्युअल (एकेक घटना)? क्वेरी चालवताय कुठे? ती इथे टाका, नाहीतर सगळे अंदाजपंचे बोलत बसतील.

शब्दसंगती
ऑन्टॉलॉजीच्या फंदात कशाला पडता? नोंदींचे एम्बेडिंग (अर्थ दाखवणारे आकडे) काढा, त्यांचं कोसाइन साम्य मोजा, गट पाडा.

कऱ्हाकाठ
साम्य म्हणजे संबंध नव्हे. 'सिगारेट ओढणे' आणि 'सिगारेट सोडणे' यांच्या आजूबाजूचे शब्द तेच, म्हणून दोन्ही शेजारी येतात. शिवाय कोसाइनला दिशा नसते, अ-ब आणि ब-अ सारखेच. 'आधी घडते' त्यातून कसं काढणार?

शब्दसंगती
तपासायच्या जोड्या तरी निघतात. १०० वर्तनांच्या ४,९५० जोड्या हातानं बघणार का?

लेखणी_कमळ
मराठी लेबलांना 'एमआर' ही भाषाखूण असेल तर नुसती स्ट्रिंग जुळत नाही. क्वेरीतही खूण लावा.

पाऊसपाणी
लेबलांचा प्रश्नच नाही. क्लास आहेत, फुसेकी या डेटा-सर्व्हरवर चालवतोय. क्वेरी एका ओळीची: ?अ अनुकूल-ठरते ?ब.

कऱ्हाकाठ
मग शून्यच येणार. 'सबक्लास ऑफ'खाली 'अनुकूल-ठरते सम चहा-घेणे' ('सम' म्हणजे किमान एक) लिहिलं की फाइलमध्ये थेट ट्रिपल (कर्ता-संबंध-कर्म असं वाक्य) बनत नाही, मध्ये ब्लँक नोड (बिननावाचा दुवा) येतो. असं विचारा:
?अ सबक्लास-ऑफ ?र .
?र ऑन-प्रॉपर्टी अनुकूल-ठरते .
?र सम-व्हॅल्यूज-फ्रॉम ?ब .
'आधी घडते'ची साखळी हवी असेल तर याच नमुन्यावर इन्सर्ट-व्हेअर (सापडलेल्यावरून नवे ट्रिपल भरणारी आज्ञा) चालवून थेट ट्रिपल वेगळ्या नेम्ड ग्राफमध्ये (नाव दिलेल्या कप्प्यात) भरा आणि तिथे 'आधी-घडते+' वापरा, '+' म्हणजे एक किंवा अधिक पायऱ्या. क्वेरीत ग्राफचं नाव घाला, नाहीतर पुन्हा शून्य. रीझनरचे निष्कर्ष प्रोटेजेच्या मेमरीतच राहतात. ते फुसेकीवर हवे असतील तर फाइल मेनूतून इन्फर्ड अ‍ॅक्सिअम एक्स्पोर्ट करून चढवा.

मूळव्याख्या
त्याआधी वरची रचना तपासा. बीएफओ या पायाभूत ऑन्टॉलॉजीत 'चहा घेणे' ही प्रक्रिया, 'चहाची सवय' हे डिस्पोझिशन (कल). दोन्ही शाखा डिसजॉइंट आहेत, म्हणजे एकही गोष्ट दोन्हींत असू शकत नाही; एकच क्लास दोन्हींखाली टाकला तर रीझनर तो अशक्य ठरवतो. सुझन मिची यांच्या प्रकल्पातली वर्तनबदलाची ऑन्टॉलॉजी, बीसीआयओ, याच पायावर आहे. तिच्यात वर्तन म्हणजे मेंदूच्या नियंत्रणाखालचं स्नायूंचं आकुंचन, त्यामुळे 'सिगारेट न ओढणे' त्या व्याख्येत सरळ बसत नाही.

पाऊसपाणी
ओळी आल्या! फक्त 'आड येते' अजून रिकामं आहे.

कऱ्हाकाठ
ते प्रोटेजेतल्या 'इक्विव्हॅलंट टू' (समान व्याख्या) या रकान्यात लिहिलंय का? तसं असेल तर वाट इक्विव्हॅलंट-क्लास आणि इंटरसेक्शन-ऑफमधून जाते, पॅटर्न वेगळा लागेल.

मूळव्याख्या
आणि 'सम'चा अर्थ पाहा: सिगारेट ओढण्याची प्रत्येक घटना कुठल्यातरी चहाला अनुकूल ठरते, असा दावा होतो. माणसांच्या वागण्यात असं क्वचितच असतं. प्रत्येक संबंधाला स्वतंत्र नोंद-नोड द्या: कोणतं वर्तन, कशावर, वाढवतं की घटवतं, कोणत्या गटात, पुरावा कुठला. गाइड पहिला प्रश्न पुराव्याचाच विचारतील.