पोस्ट इंग्रजांनी दिलं म्हणता, मग वाढवलं कुणी?

एरंडवणेकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंच आहे, आता हे इंग्रजांच्या काळातलं लोढणं पूर्ण बंद करा, कुरिअर आहे की." वाचून रात्री झोप लागली नाही. १८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात देशभर कुठेही जाऊ लागलं. त्याआधी अंतर पाहून पैसे पडत. १८७९ला पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८०ला मनीऑर्डर. सगळं कबूल. पण स्वातंत्र्याच्या वेळी देशात पोस्टं होती २३,३४४. आज दीड लाखाच्या वर आहेत, त्यातली बहुतेक खेड्यांत. ही वाढ आपली आहे.

कसबेकर: तो 'कुणीतरी' मीच. आकड्यांनी पोट भरत नाही. नव्वद साली दिल्लीहून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा मुलाखत आदल्या दिवशीच होऊन गेली होती. नोकरी गेली ती गेलीच. शिवाय इंग्रजांनी काय दिलं? पेशव्यांचे जासूद, हरकारे पुण्याहून थेट उत्तरेपर्यंत धावत होते.

चिंचवडची सून: सरकारी कामाला! रयतेची पत्रं नेत होते का?

कसबेकर: पानिपतची बातमी नानासाहेबांना सावकाराच्या पत्रातून कळली, "दोन मोत्ये गळाली". शाळेत होतं की आपल्याला. म्हणजे सरकारबाहेरही डाक होती.

चिंचवडची सून: सावकाराची होती. ज्याच्या गाठीला पैसा, त्याची डाक. पानिपतावर मेलेल्या शिपायाच्या बायकोला कुणी पत्र पाठवलं?

नारायणपेठी: आणि इंग्रज काही धर्मादाय करत नव्हते. टपाल आधी कंपनीच्या कारभारासाठी आणि फौजेसाठी. १८९८च्या कायद्यात पत्रं अडवायचा अधिकार होता, तो २०२३च्या नव्या कायद्यातही आपण ठेवला. मला राग याचा येतो आणि यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

एरंडवणेकर: अहो, मुद्दा पोस्ट बंद करायचं का, हा आहे. पानिपत नाही!

कसबेकर: इतिहास तुम्हीच आधी काढलात.

संगमेश्वरची: मी वाचून गप्प बसणार होते, पण राहवत नाही. आजोबा मुंबईत गिरणीत. आमच्या वाडीत महिना मोजायचा तो मनीऑर्डरीवर. पोस्टमनकाका पऱ्या ओलांडून यायचे, आजीचा अंगठा घ्यायचे, पैसे दोनदा मोजून द्यायचे. मग फॉर्मच्या तळाशी आजोबांनी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचे. आजी म्हणायची, "परत वाचा." ते परत वाचायचे. अख्खं कोकण मनीऑर्डरीवर जगलं. कुठलं कुरिअर हे करणार होतं?

कसबेकर: ताई, तुमच्या आजीबद्दल आदर आहे. पण आता पैसे मोबाईलवर जातात.

टपाल खात्यातून निवृत्त: इंग्रजांचं, इंग्रजांचं म्हणताय, तर पिनकोड कुणाचा? श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस, संस्कृतचा कवी. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. एका नावाची दहा गावं, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत. सॉर्टिंगला बसलेल्या माणसाने काय करायचं? सहा आकड्यांनी ते सोडवलं. ४११ दिसलं की पत्र पुण्याच्या गठ्ठ्यात, पुढे ०३० म्हणजे सदाशिव पेठ. आज तुमचं कुरिअरही आधी पिनकोडच विचारतं. आणि कसबेकर, ते पाकीट अजून आहे का? त्यावर दोन शिक्के असतील, टाकल्याचा आणि पोचल्याचा. दोन्ही तारखा बघा.

कसबेकर: वेलणकरांचं मान्य. पाकीट आहे, फाइलीत. बघतो.

नारायणपेठी: पत्रं अडवण्याच्या कलमावर अजूनही कुणी बोललेलं नाही.

कसबेकर: पाहिलं. दिल्लीचा शिक्का मुलाखतीच्या दोनच दिवस आधीचा आहे. त्यांनीच उशिरा टाकलं. पस्तीस वर्षं भलत्यावर राग धरला. 'बंद करा' मागे घेतो. पण रजिस्टरचा स्वस्त दर गेला, त्याचं उत्तर एरंडवणेकरांनी द्यावं.

एरंडवणेकर: त्याचा राग मलाही आहे. तिथे आपण दोघं एकाच बाजूला.