हॉलच्या एका भिंतीला ठसठशीत रंग द्यायचाय, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या हॉलच्या भिंती ऑफ-व्हाइट, सोफा बेज, फरशी फिकट राखाडी. सगळं कसं अळणी! सोफ्यामागच्या भिंतीला गडद मोरपिशी द्यावा असं माझ्या मनात आहे. सासूबाईंना हळदी पिवळा हवाय. पण खिडकी पश्चिमेला, चारनंतरचं ऊन थेट त्याच भिंतीवर येतं. तेव्हा पिवळा भगभगीत दिसेल अशी धास्ती वाटते. आणि मोरपिशी रात्री पिवळसर एलईडीखाली हिरवट मारतो का? शेड कार्डावरचा तो एवढासा चौकोन बघून काही कळत नाही. की भिंत राहू दे, खणाचे अभ्रे आणि एक गालिचा एवढ्यावर भागेल? पेंटर रविवारी येतोय. कोणी मोरपिशी लावला असेल तर दिवे लावून काढलेला फोटो टाका ना.